अर्जदार गैरहजर

हे कोणाला पटवून द्यायचा नाद मी आता सोडलाय. आईला पटलं नाही, मैत्रिणींना पटलं नाही. पण घडलं ते घडलं, आणि माझ्याच बाबतीत घडलं. रात्रीबेरात्री नाही, भर दुपारी. गुरुवार होता. तीन वाजून दहा मिनिटं झाली होती. जागा... सरकारी तक्रार निवारण कार्यालय, चौथा मजला, सुनावणीची खोली.

मी तेव्हा वकिलीची परीक्षा नुकतीच पास झाले होते. सहा महिन्यांची सरकारी फेलोशिप मिळाली. घरात केवढं कौतुक. दादाने तर अख्ख्या गल्लीला सांगितलं, "आता ही कायदे लिहिणार."

कायदे कसले. माझ्यापुढे जुन्या फायलींचा ढीग ठेवला.

आमच्या साहेबांना सगळे पाठीमागे 'एरंडेल' म्हणायचे. चेहराच तसा, आत्ताच चमचाभर घेतल्यासारखा. पहिल्याच दिवशी त्यांनी मला सुनावलं.

"तुमच्यासारखे सहा महिन्यांचे पाहुणे दरवर्षी येतात. हुशारी घरी ठेवून यायची. दोनशे प्रकरणं निकाली निघाली पाहिजेत. नाहीतर प्रमाणपत्र विसरा."

निकाली काढायची रीत सोपी. सुनावणीच्या दिवशी अर्जदाराच्या नावाचा तीनदा पुकारा करायचा. कोणी आलं नाही, की लिहायचं, 'अर्जदार गैरहजर. प्रकरण निकाली.'

खरं तर पुकारा कोणी करतच नव्हतं. नोटिसा मुद्दाम उशिरा जायच्या. माणूस धापा टाकत पोचेपर्यंत आदेश टाइप झालेला असायचा.

मीही तेच करत होते. लपवत नाही.

दीडशेच्या आसपास पोचले असेन, तेव्हा ती फाइल हाती आली.

एका आईचा अर्ज. तिची मुलगी सरकारी वसतिगृहात राहून शिकत होती. तिथे आग लागली. बाकीच्या मुली बाहेर पडल्या. हिची खोली बाहेरून बंद होती.

आईने कोणाला शिक्षा करा म्हटलं नव्हतं. एकच ओळ होती.

'त्या खोलीची किल्ली कोणाकडे होती, एवढं मला सांगावं.'

अकरा अर्ज. अकरा तारखा. पहिल्या दहा तारखांपुढे 'गैरहजर'. अकरावी त्याच गुरुवारची.

मध्येच एक परत आलेलं पाकीट होतं. चौथ्या तारखेची नोटीस. त्यावर पोस्टमनचा शेरा...

'मयत.'

मी पानं उलटली. त्यानंतर सात अर्ज आले होते. प्रत्येकावर आमच्याच कार्यालयाचा शिक्का. अक्षर तेच. 'किल्ली' शब्दाखाली दोनदा ओढलेली रेघही तीच.

शिपाईमामा तिथे वीस वर्षं होते. त्यांना विचारलं, "मामा, हे अर्ज कोण आणून देतं?"

"टेबलावर असतात."

"पण ठेवतं कोण?"

मामांनी फायलीकडे बघितलंही नाही. "ताई, लेकीसारख्या आहात म्हणून सांगतो. हिचं नाव मोठ्याने घेऊ नका. लिहायचं ते लिहा आणि मोकळ्या व्हा."

मी पाकीट घेऊन एरंडेलकडे गेले.

"मेली ना? मग गैरहजरच की. अडलंय कुठे?"

"पण साहेब, नंतरचे अर्ज..."

"तुम्हाला इथे विचार करायला बोलावलंय का?"

सगळ्यांसमोर. कोणी वर बघितलं नाही. एकजण फक्त खाली मान घालून हसला.

मी आदेश छापला. पण डोकं तापलं होतं. ठरवलं, निदान ही एक सुनावणी तरी रीतसर करायची. सुनावणीच्या खोलीत गेले. आदेश टेबलावर ठेवला. त्यावर 'गैरहजर' आधीच टाइप केलेलं. दाराच्या आत उभी राहिले आणि तिचं नाव पुकारलं.

काही नाही. कॉरिडॉरमध्ये झेरॉक्स मशीनची घरघर, कोणाचं तरी फोनवरचं बोलणं.

दुसऱ्यांदा पुकारलं.

मशीन थांबलं. फोनवरचं बोलणं थांबलं. त्या मजल्यावर चाळीस माणसं बसतात... एक खुर्ची करकरली नाही.

तिसऱ्यांदा पुकारायला नको होतं.

पुकारलं.

"हजर."

आवाज बाहेरून आला नाही. माझ्या पाठीमागून आला. खोलीतून.

मी गर्रकन वळले. खोली रिकामी. आणि तेवढ्यात दार लागलं... बाहेरून कुलपात किल्ली फिरली.

"काय लिहिलंस?"

अगदी कानाशी. म्हातारा आवाज. रडवेला नाही, चिडलेला.

माझी पाचावर धारण बसली. मी दाराची मूठ धरली, आणि हात झटकन मागे घेतला. मूठ भाजत होती.

"वाच."

मी वाचलं. 'अर्जदार गैरहजर.'

"परत वाच."

किती वेळा वाचलं, सांगता येणार नाही. दाराला काचेची खिडकी होती. तिथून मामा जाताना दिसले. मी काचेवर मुठी आपटल्या, किंचाळले. ते तसेच पुढे गेले. मग एरंडेल आला. काचेला नाक लावून आत डोकावला. मी वीतभर अंतरावर होते. त्याची नजर माझ्यातून आरपार गेली. त्याने घड्याळ बघितलं आणि निघून गेला.

"मार हाका," आवाज म्हणाला. "ऐकतात का बघ."

दार उघडलं तेव्हा चार वाजायला दहा मिनिटं होती. मामा समोरच उभे.

"कुठे होतात, ताई? साहेब शोधतायत."

"आत अडकले होते, मामा. दार बंद होतं."

"दार उघडंच होतं. मी दोनदा बघून गेलो."

मी एरंडेलला सगळं सांगितलं. अर्जदार हजर होती, असं म्हटलं. त्याने पेन पुढे सरकवलं.

"प्रमाणपत्र कशाचं हवंय? फेलोशिपचं, की वेडाचं?"

तिने 'हजर' म्हटलेलं मी माझ्या कानांनी ऐकलं होतं. तरीही मी सही केली.

त्याला सहा वर्षं झाली. मी आता वकिली करते. इतकी वर्षं काही झालं नाही.

गेल्या महिन्यात न्यायालयात माझ्या प्रकरणाचा पुकारा झाला. मी उभी राहिले. "हजर," म्हटलं.

न्यायाधीश दाराकडेच बघत राहिले.

मी पुन्हा म्हटलं. मोठ्याने. कारकुनाने मान खाली घातली आणि लिहिलं... 'वकील गैरहजर.'

माझा अशील मागच्या माणसाला विचारत होता, "आमच्या ताई अजून कशा आल्या नाहीत?"

त्याचा खांदा माझ्या खांद्याला लागत होता.

पाच मिनिटांनी तो एकदम दचकला. "अरे, तुम्ही कधी आलात?"

डॉक्टर म्हणतात, थकवा आहे. असेलही.

सोमवारी पुढची तारीख आहे. दादाला म्हटलंय, सोबत चल. काही करू नकोस, नुसता मागे बस... आणि मी दिसतेय का, तेवढं बघ.