सव्वानऊची सही

फ्रिजच्या दारातला वरचा कप्पा माझ्या इन्सुलिनचा. तिथे दुसरं काही ठेवायचं नाही, हा नियम यांनी सोळा वर्षांच्या संसारात इमानानं पाळला. मंगळवारी सकाळी तो कप्पा रिकामा होता.

मी गणित शिकवते. रविवारी इन्सुलिनची भरलेली दोन पेनं होती; ती दोन दिवसांत संपणं शक्यच नव्हतं. "संपली असतील," हे वर्तमानपत्रातून मान वर न काढता म्हणाले. वापरलेल्या सुयांच्या डब्यात मात्र माझ्या मोजणीपेक्षा चार सुया जास्त निघाल्या. कुठेतरी पाणी मुरत होतं, पण शाळेची घंटा कुणासाठी थांबत नाही. मी न खाताच निघाले. डॉक्टरांच्या चिठ्ठीची मुदत शनिवारी संपली होती. "नवी मी आणतो, तू कशाला दगदग करतेस," असं यांनीच म्हटलं होतं. आणली नव्हती, आणि डॉक्टर आता आठवडाभर गावाला गेलेले.

साडेबाराला शाळेतून सुटले तेव्हा साखर चारशेच्या घरात होती. जिभेला कोरड पडली होती. बाटलीभर पाणी रस्त्यातच संपलं. अशीच एकदा बेशुद्ध होऊन मी तीन दिवस दवाखान्यात काढले होते, त्यामुळे पुढे काय होतं ते मला कुणी सांगायला नको होतं.

औषधांच्या दुकानातले काका मला अकरा वर्षं ओळखतात. चिठ्ठी पाहून हसले. "गणिताच्या बाई आणि तारीख चुकवता?" अशा अडल्या वेळी ते वहीत सही घेऊन एक पेन देतात. जुन्या चिठ्ठीवर एकदाच. त्यांनी वही उघडली आणि त्यांचं हसू गेलं.

"ताई, सकाळीच नेलंत की. गर्दीत विसरूनच गेलो होतो."

"मी? किती वाजता?"

"सव्वानऊला. या खुर्चीवर बसलात थोडा वेळ. फार थकलेल्या दिसत होतात."

सव्वानऊला मी सातवीला अपूर्णांक शिकवत होते. चाळीस मुलं साक्षीला होती. पण सही माझीच होती. घाईत मी शेवटचं अक्षर रेघेखाली ओढते, तेसुद्धा तसंच. वीस वर्षं मुलांच्या नकला पकडलेल्या माझ्या डोळ्यांना त्यात नक्कल दिसेना.

"दुसरं कसं देऊ हो? जास्तीच्या इन्सुलिननं माणूस जातं." शंका आली की घरी विचारायचं, ही काकांची पद्धत. त्यांनी फोन लावून स्पीकर चालू केला.

"ती घरीच आहे," यांचा आवाज आला. "आत्ताच इंजेक्शन घेऊन पडलीय. दुसरं कुणी मागायला आलं तर देऊ नका."

फोनमध्ये यांच्या मागे कुणीतरी खोकलं. तो खोकला माझा होता.

मी काउंटरवर वाकले. "अहो, मी बोलतेय. मी इथे दुकानात आहे."

हे घाबरले असते, खोटारडी म्हणाले असते, तरी मी समजून घेतलं असतं.

"माहितीये मला," हे म्हणाले. "तू आता घरी येऊ नकोस. तिला बरं वाटतंय."

केसानं गळा कापणं म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं. तिची भीती वाटायला सवडच झाली नाही. यांचा राग आला. रोज सुई टोचून घेताना समोर बसणारा माझा माणूस. दोघींतली कोण कुठली, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

फोन एका हातातून दुसऱ्या हातात गेला.

"खूप तहान लागलीय ना गं?" माझाच आवाज, अगदी मायेचा. "घाबरू नकोस. तीन दिवसांनंतर थांबते. त्या दवाखान्यात माझीही थांबली होती."