कॉरिडॉरमधले पाच शब्द

कॉरिडॉरच्या टोकाच्या बाकावर एक तरुण भिंतीकडे बघत पुटपुटत होता — “चमचा... नदी... कोट... लिंबू... घंटा...” सारख्या अंतराने, सारख्याच आवाजात. संपलं की पुन्हा पहिल्यापासून.

मी स्मृती तपासणी विभागात आत्यासाठी वेळ घ्यायला आले होते. इतक्या लहान वयात हे असं! मला भरून आलं. मी शेजारी जाऊन बसले.

“तुमच्याबरोबर कोणी आलंय का?”

“नाही. रोज एकटाच येतो.”

“घरी फोन लावून देऊ?”

त्याच्या डोळ्यांत आधी गोंधळ, मग हसू... “लावा. पण आई विचारेल, कामाच्या वेळी बाहेर काय करतोयस?”

त्याने गळ्यातलं उलटं झालेलं ओळखपत्र सरळ केलं. संशोधक! चाचणीतले शब्द सेकंदाला एक, कशावरही जोर न देता वाचायचे असतात. तो सराव करत होता.

माझे कान तापले. तिथून पळाले, पण ते पाच शब्द घेऊनच.

कारण आत्या. तिनेच मला वाढवलं. हल्ली ती गॅस बंद करायला विसरायची, दार उघडं टाकून खाली जायची. बाबांनी सांगून टाकलं होतं, “चाचणीत काही निघालं, तर ताईचं घर बंद. ती इकडे येईल.” आणि आत्याला तिचं घर, तिच्या गच्चीतल्या कुंड्या सोडायच्या नव्हत्या. मग रोज चहाच्या वेळी मी तिच्याकडून ते शब्द घोकून घेतले.

चाचणी घ्यायला नेमका तोच होता. मला मागच्या खुर्चीत बसायला मिळालं.

“आजी, आरामात बसा.”

“आजी कोणाला म्हणतोस रे? माझं लग्न व्हायचंय अजून.”

“चुकलो! मग आत्या म्हणू?”

“म्हण. ही कार्टी म्हणतेच की.”

तो हसला आणि वाचू लागला — “पूल... टोपी... मीठ...”

यादी वेगळी होती!

मग आकृत्या झाल्या, उलट्या क्रमाने आकडे म्हणून झाले. शेवटी त्याने मघाचे शब्द विचारले. आत्या ताठ बसली. “चमचा, नदी, कोट, लिंबू, घंटा!” आणि विजयी मुद्रेने माझ्याकडे वळून पाहिलं.

बाहेर आल्यावर मी त्याला म्हटलं, “रागवा. विज्ञान शिकलेय मी, मला कळायला हवं होतं.”

“कॉरिडॉरमध्ये बडबडत बसतो ती चूक माझी. म्हणून तर याद्या बदलतो.” तो थोडा पुढे झुकला. “पण मला सांगा... कसं शिकवलंत? चुकल्या की काय करायचात? काल विचारलं होतं?”

“काल? नाही, काल मला यायला जमलं नव्हतं.”

“आणि तरी आज आठवलं...” त्याचा चेहरा उजळला.

आत्याच्या चुका आम्ही सगळेच मोजत होतो. तिला काय जमतं, हे विचारणारा हा पहिलाच. मी बघतच राहिले — आणि मी बघतेय हे त्याने बघितलं.

“एवढ्यावरून काही ठरत नाही हं,” तो घाईने म्हणाला. “नीट तपासावं लागेल.”

त्याने नीट तपासलं. पुन्हा पुन्हा बोलावलं, न कंटाळता. आत्याला तर तो माझ्यापेक्षा आवडायला लागला. आणि मला... जाऊ दे.

अहवालाच्या दिवशी बाबाही आले. “विसरणं आहे, ते लपवणार नाही,” तो म्हणाला. “पण घोकलेलं टिकतंय. गॅस, औषधं, कुलूप — एकेक सवय लावता येईल. रोज कोणी जाऊन बघणार असेल, तर तूर्त त्यांना त्यांच्याच घरी राहू द्या.”

बाबांनी अहवाल हातात घेऊन पुन्हा वाचला. मग म्हणाले, “कुंड्या वाटून टाक म्हणालो होतो मी ताईला... राहू देत, सांगतो तिला.” आणि डोळे पुसत बाहेर बसलेल्या आत्याकडे गेले.

आम्ही दोघंच उरलो.

“रोज कोण जाणार?”

“मीच. कॉलेज सुटलं की.”

“रविवारी?”

“रविवारीही मीच. का?”

“नाही... अहवाल दिला. माझं काम संपलं. म्हणजे आता मी... रविवारी मीही आलो तर?”

“आत्या विचारेल, कशासाठी आलास. आणि तिला एकदा सांगून भागत नाही, दर वेळी सांगावं लागेल.”

“सांगेन. पण आधी तुम्हाला सांगतो.”

आणि त्याने सांगितलं... अडखळत, हळू, माझ्या डोळ्यांत बघत.

मी म्हटलं, “पुन्हा एकदा.”