नाव झाकलेली कथा

"तुमच्या संपादकांना सांगा, कथेतलं त्यांना ओ की ठो कळत नाही!"

परत आलेली कथा हातात घेऊन मासिकाच्या कचेरीत शिरले आणि एवढं बोलून मोकळी झाले. समोर बाह्या दुमडलेला एक उंच माणूस अंकांचे गठ्ठे बांधत होता.

"सांगतो," सुतळीची गाठ आवळत तो म्हणाला. "पण ते म्हणतील, कथा चौथ्या पानावर सुरू होते. आधीची तीन पानं बाई नुसता घसा साफ करत होत्या."

मी जागच्या जागी थिजले... संपादक तोच होता! बारा वर्षं सैन्यात काढलेला. ज्या जवानांना लिहिता येत नव्हतं, त्यांची घरची पत्रं हा लिहून द्यायचा. तिथेच लेखक झाला. गुडघ्यात गोळी लागून परतला, आणि बंद पडायला आलेलं हे मासिक त्याने पुन्हा उभं केलं. गठ्ठे मात्र अजून स्वतःच बांधायचा.

ती तीन पानं मी रागारागाने फाडली. दुसरी कथाही परत आली, पेन्सिलीच्या बारीक टिपांसह. मग मी वाद घालायला जाऊ लागले... दर गुरुवारी. खरं सांगू? वाद हे निमित्त होतं. ऐकताना तो मान किंचित कलती करायचा, आणि माझे मुद्देच पळून जायचे.

"आज भांडायला उशीर?"

"वाट बघत होतात?"

"छे! घड्याळ बघत होतो."

तिसरी कथा मी जीव ओतून लिहिली. ती छापून यायला हवी होती, पण ओळखीवर नव्हे. अंक छपाईला जायच्या दुपारी मी त्याच्या टेबलासमोर उभी राहिले.

"हो की नाही?"

"ते मी ठरवणार नाही." तो कागदांतच बघत होता. "नाव झाकून कथा मुद्रितशोधक मावशींकडे दिलीय."

माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "तुम्ही वाचावी एवढीही तिची लायकी नाही?"

"वाचली. पाच वेळा." आता त्याने वर पाहिलं. कान लाल झाले होते. "पण माझं मत धरता येणार नाही. मी... मी लेखिकेच्या प्रेमात आहे."

तेवढ्यात आतून मावशींचा आवाज आला, "कथा घेतली! कुणी का लिहिली असेना. नाव कळवा लवकर, सोळावं पान अडलंय!"

मला हसू आलं, रडूही. "आणि त्या नाही म्हणाल्या असत्या तर?"

"तर कथा साभार परत केली असती," तो शांतपणे म्हणाला. "आणि संध्याकाळी घरी येऊन तुम्हाला मागणी घातली असती."

असा माणूस माझा होणार, या अभिमानाने माझा ऊर भरून आला. तरी मान ताठ ठेवूनच मी म्हटलं, "कथेचं काम झालं. आता संध्याकाळी सहाला या. बाबा घरीच असतात... आणि त्यांना उशीर खपत नाही."