खिशातला फ्यूज

ज्या उन्हाळ्यात लातूरला रेल्वेनं पाणी आलं, त्याच उन्हाळ्यात नेकनूरजवळच्या एका गावात चेअरमन विठ्ठलरावांनी घरातला विजेचा बोर्ड बदलायला काढला. गावाला प्यायला पाणी नाही आणि चेअरमनच्या घरी नवी पेटी, असं लोक बोलले. बोलणाऱ्याचं तोंड कोण धरणार? विठ्ठलरावांनी तर उभ्या जन्मात कोणाचं बोलणं मनावर घेतलं नव्हतं.

बोर्ड जुना, सागवानी फळीचा, चिनी मातीच्या पांढऱ्या फ्यूजांचा. बहात्तरच्या दुष्काळाआधी गावात उपसा सिंचनाची सहकारी संस्था निघाली, तेव्हा संस्थेच्या मोटरची लाईनही याच फळीवरून नेलेली. विहीर संस्थेची, पण चेअरमनच्या परसात. मोटर सभासदांची, पण तिची कळ चेअरमनच्या बैठकीत. पुढं संस्था बुडाली आणि विहीर आपोआप विठ्ठलरावांची झाली. आता त्या कोरड्या विहिरीत सरकारी टँकर रिता व्हायचा होता. पाणी गावाच्या नावानं येणार आणि नव्या पंपानं चेअरमनच्या मोसंबीला जाणार, हे गावातलं शेंबडं पोरसुद्धा सांगू शकलं असतं.

कारभारी वायरमननं फळी उतरवली आणि त्याचा हात थांबला.

"चेअरमनसाहेब, विहिरीच्या लाईनीला फ्यूजच न्हाई. तांब्याची तार पिळून डायरेक्ट केलीय. कुणी केलं हे?"

"जुनं काम हाय. उपटून टाक."

"आन् मागची भिंत ओली कावून?"

भिंतीवर फळीच्या आकाराचा ओला डाग होता. घरात घोटभर पाण्याची मारामार, आणि त्या डागाला विहिरीच्या तळाचा, शेवाळाचा वास येत होता. कारभारीनं बोट लावून पाहिलं, पँटीला पुसलं आणि कामाला लागला.

तार कोणी पिळली ते विठ्ठलरावांना चांगलं ठाऊक होतं. बहात्तरच्या दुष्काळात पाणी खोल गेलं, तेव्हा मोटर खाली घ्यायला संस्थेचा वायरमन शहादेव विहिरीत उतरला होता. बौद्धवाड्यातला तरणाबांड गडी, अबोल आणि कामाला वाघ. लाईनीला हात लावण्याआधी फ्यूज उपसून स्वतःच्या खिशात टाकायचा, ही त्याची रीत. फ्यूज खिशात तर जीव खिशात, म्हणायचा. त्या दिवशी वीज अवचित आली. विठ्ठलरावांची बाग करपत होती. शहादेव वर आला का, हे परसात डोकावलं असतं तरी कळलं असतं. विठ्ठलराव परसात गेले नाहीत. त्यांनी रिकाम्या खाचेत तार पिळली. शहादेव विहिरीतच होता.

"त्याचीच चूक. लाईन न बघता उतरला," असं ते पंचांना म्हणाले आणि तेच खरं ठरलं. शहादेवच्या खिशात फ्यूज तसाच होता. एकदा विठ्ठलरावांच्याच हातून पडून त्याच्या कोपऱ्याचा टवका उडालेला, म्हणून त्यांनी तो लांबूनही ओळखला. शहादेवच्या बायकोनं, पारूबाईनं, तो कोणाला काढू दिला नाही. नवऱ्याबरोबर तोही मातीत गेला.

नवी पेटी झकास बसली. पत्र्याचं झाकण, आत फ्यूजांच्या जागी काळ्या खटक्यांची ओळ. पण दुसऱ्या दिवशी सकाळी पाहावं तर विहिरीचा खटका वर, म्हणजे चालू. घरातल्या कोणी हात लावला नव्हता. विठ्ठलरावांनी तो खाली केला. जेवून उठेपर्यंत पुन्हा वर. कारभारीनं खटका बदलला. नवाही तसंच करू लागला.

"माल खराब येतोय आजकाल," कारभारी म्हणाला, पण म्हणताना त्यानं विठ्ठलरावांकडे पाहिलं नाही.

पंप सोडायचा दिवस उजाडला. गावातला एकही गडी त्या विहिरीत उतरायला तयार होईना. विठ्ठलरावांचा एकुलता एक मुलगा बद्रीनाथ शेवटी चिडला. "मीच उतरतो."

विठ्ठलरावांनी त्याचा दंड धरला. जगात जीव लावावा असं त्यांना हे एकच माणूस होतं. "तू न्हाई उतरायचं."

"आबा, उद्या टँकर येतोय. मेन बंद हाय, खटका बंद हाय. वरून लोडशेडिंग. सांजपर्यंत गावातच लाईट न्हाई. भ्यायचं काय त्यात?"

विठ्ठलरावांनी कारभारीला बाजूला घेतलं. "फ्यूज काढून त्याच्या खिशात घाल."

"फ्यूज कुठाय आता, साहेब? ह्या पेटीतून काढून खिशात घालण्यासारखं काईच न्हाई. कुणीतरी राखण बसा."

"मी बसतो," विठ्ठलराव म्हणाले.

खुर्ची ओढून ते पेटीसमोर बसले. मेन खाली, विहिरीचा खटका खाली, डोक्यावरचा पंखा निपचित. परसातून बद्रीनाथचा आवाज येत होता, "दोर सोडा, आजून सोडा." प्रत्येक हाकेला त्यांचा जीव भांड्यात पडत होता.

मग पेटीभोवतीच्या ताज्या सिमेंटला ओल फुटली.

शेवाळाचा वास आला. विठ्ठलरावांनी उठून खटक्यावर अंगठा दाबला. आतून कोणीतरी खटका वर रेटत होतं. त्या रेट्यात घाई नव्हती. इतकी वर्षं थांबलेल्याला कसली आलीय घाई?

त्यांनी दोन्ही हातांनी खटका दाबून धरला. सोडून पळावं, तर तो वर जाणार. इथंच थांबावं, तर पोराला सांगणार कोण?

"बद्री! वर ये! आरं वर ये!"



परसातून मोटर सुरू झाल्याची घरघर आली.

त्यांनी मान वर केली. पंखा फिरत नव्हता. खटका त्यांच्या अंगठ्याखाली होता, खालीच.

बद्रीनाथला वर काढून लिंबाखाली निजवलं, तोवर गाव गोळा झालं होतं. पाण्याच्या रांगेतल्या बाया घागरी टाकून आल्या. त्यांत पारूबाईही होती, पाठीत वाकलेली.

"खटका कुणी वर केला?" कारभारी रडत विचारत होता.

"मी धरून बसलो होतो," विठ्ठलराव म्हणाले. "खालीच होता. पोराची शपथ, खालीच होता."

"मंग त्याचीच चूक म्हनायची, चेरमन," पारूबाई म्हणाली. "लाईन न बघता उतरला आसंल."

विठ्ठलरावांनी पोराच्या छातीवर डोकं टाकलं आणि त्यांच्या गालाला काहीतरी टोचलं. कारभारीनं बद्रीनाथच्या सदऱ्याच्या खिशात हात घातला. आत चिनी मातीचा पांढरा फ्यूज होता. घरातले सगळे जुने फ्यूज तर त्यानं स्वतः फळीसकट नेकनूरच्या भंगारात टाकले होते.

फ्यूजचा एक कोपरा फुटलेला होता. त्या खाचेत ओली माती बसली होती.