गजूच्या वाट्याचं पाणी

शनिवारी दुपारी नितेशकडे एकच काम आलं. आत्याच्या घरून तीन टोपल्या गोवऱ्या सायकलवर लादायच्या आणि गावाबाहेरच्या आमराईत नेऊन टाकायच्या. साधंच काम, पण चार महिन्यांत घरात कुणी कुणाला काम म्हणून सांगितलं नव्हतं. त्याला ते गोड लागलं.

ही सहल म्हणजे त्याच्या मोठ्या बहिणीची, अपेक्षाची हिकमत. थोरला भाऊ गजू गेल्यापासून माय भिंतीकडे तोंड करून बसायची. बाबा, म्हणजे नत्थुजी, चहा पार थंड होईपर्यंत कपाकडे पाहत राहायचे. शेवटी अपेक्षानं पौषातला एक शनिवार-रविवार धरला, सगळ्यांना नांदगाव पेठहून उठवलं, अमरावती-अकोला करत बार्शीटाकळीला दुर्गाआत्याच्या दारात आणून उभं केलं. आत्या विधवा, एकटी आणि तोंडानं फटकळ. तिनं आधी पदरानं डोळे पुसले, मग म्हणाली, "रडाले नाई बलावलं तुमाले. रोडगे कराले बलावलं. रडणं घरी जाऊन करजा."

चार वाजेपर्यंत आमराईत मजा होती. खरंच होती. नितेश विस्तव फुंकून फुंकून लालेलाल झाला, तर अपेक्षा लांबून ओरडली, "गोवऱ्या पेटवून राह्यला का मच्छर मारून राह्यला रे?" बाबा हसले. भादव्यानंतर पहिल्यांदा हसले. माय परातीपुढे बसली. कणकेच्या जाड पोळ्या एकीत एक गुंडाळायच्या, त्याचा गोळा करायचा, गोवऱ्यांच्या निखाऱ्यांवर भाजायचा आणि मग गरम राखेत पुरून ठेवायचा. माणशी दोन. त्यांच्या घरी रोडगे नाव घेऊन करायची रीत होती, हे याचे, हे त्याचे. मायचा हात त्या रीतीला बसलेला. ओठांतल्या ओठांत नावं घेत ती गोळे मांडत गेली.

माणसं पाच होती. राखेतून रोडगे निघाले बारा.

वांग्याची भाजी रटरटत होती. मायनं शेवटच्या दोन रोडग्यांवरची राख फडक्यानं पुसली, आणि पुसता पुसता तिचा हात थांबला.

"मी त गजूचे बी केले, बाई..." ती नणंदेकडे पाहून म्हणाली.

आत्यानं ते दोन रोडगे हातात घेतले नाहीत. "नाव घेऊन केले ना? मंग ते त्याचेच झाले. आपल्यातलं कोणी तोंडाले लावू नका." मग तिनं नितेशला हाक मारली. "बाबू, पळसाच्या पानावर घे हे. तांब्याभर पाणी घे. नाल्याच्या डोहावर ठेवून ये. अन् पाणी आपल्या ओंजळीनं जमिनीले पाज. धाकट्या भावाचा हात लागला म्हणजे झालं."

पाणी म्हटल्याबरोबर नितेशला शेततळं आठवलं.

गजूदादा फवारणीच्या पंपासाठी पाणी घ्यायला शेततळ्यात उतरला होता. तळ्याला प्लास्टिकचा कागद आणि कागदावर शेवाळ. एकदा पाय सुटला की पोहणाऱ्यालाही वर येता येत नाही. तो तिसऱ्या दिवशी सापडला. प्रेत घरी आणण्यासारखं नव्हतंच, परस्पर मसणात नेलं. बाया घरी राहिल्या, बाबा शुद्धीवर नव्हते. शेवटचं पाणी तोंडात घालायला तांब्या नितेशच्या हातात आला.

त्यानं फडकं उचललं. दादाचा चेहरा फुगून भोपळ्याएवढा झाला होता. उकडलेल्या बटाट्याचं साल सुटावं तशी गालाची कातडी सुटून कानाकडे गोळा झाली होती. दातांवर हिरवी बुळबुळ. जीभ जाड, काळी, ओठांत मावेना म्हणून बाहेर आलेली, आणि तिच्यावर माश्या चालत होत्या. वास नाकात थांबत नव्हता, घशात उतरत होता. नितेश तिथंच, तिरडीवरच ओकला. तांब्या सांडला. नाकाला दुपट्टे बांधलेल्या लोकांनी घाईनं सरण पेटवलं. पाणी राहिलं ते राहिलंच.

संध्याकाळी मायनं विचारलं होतं, "पाजलं ना रे दादाले पाणी?"

"हाव, माय."

तेव्हापासून ती रोज विचारायची. तोही रोज हाव म्हणायचा. भावावर त्याचा जीव होता, आणि तो भाऊ आठवला की त्याला फक्त किळस यायची. याची लाज त्याला कुणाला सांगता येत नव्हती.

डोह आमराईपासून दोनशे पावलांवर होता. ऊन अजून पिवळं होतं, रानात कुठंतरी मोटारपंप चालू होता. नितेश पान आणि तांब्या घेऊन निघाला. काठ वीस पावलांवर राहिला असेल, तेवढ्यात वारा फिरला. उन्हात तापलेल्या प्लास्टिकचा वास आला. त्याच्या मागून दुसरा, गोडूस, कुजका.

त्यानं पान तिथूनच भिरकावलं. तांब्या वाटेवरच उपडा केला. हाताला माती चोळत चोळत परत आला.

"ठेवलं?" आत्यानं विचारलं.

"हाव."

पंगत बसली. आत्यानं सगळ्यांच्या रोडग्यांवर तूप सोडलं. नितेशनं आपला रोडगा फोडला.

आत पापुद्रे होते, पण कोरडे नव्हते. ओले, गार, एकाला एक चिकटलेले. दोन तुकडे वेगळे केले तर त्यांच्यामध्ये हिरवी तार ताणली गेली, तुटली आणि त्याच्या मनगटावर पडली. त्यानं वर पाहिलं. बाबा वरणात कुस्करून खात होते. त्यांच्या हनुवटीवरून हिरवं पाणी गळ्यापर्यंत ओघळत होतं. अपेक्षा बोटं चाटत होती, बोटांना काळा गाळ होता. "माय, आज त मजा आली व खायाची!" ती म्हणाली. तिच्या दातांत शेवाळाचा धागा अडकला होता.

"तू काहून खाऊन नाई राह्यला?" मायनं एक घास उचलून त्याच्या तोंडापुढे धरला. "घे. तुह्या दादाले लय आवडे."

घास तिच्या चिमटीत थरथरत होता. मायचा हात मात्र स्थिर होता. चार महिन्यांत ती पहिल्यांदा कुणाला भरवत होती. नितेशनं तोंड उघडायचा जोर केला. घास ओठाला लागला, आणि ओठाला लागलेली ती कातडी होती, सुटलेली, मऊ कातडी.

तो उठून झाडामागं पळाला. ओकला. पोटातून अन्नाचा कण पडला नाही. नुसतं पाणी, तांब्यामागून तांब्या, हिरवट, प्लास्टिकच्या वासाचं.

मागं चपला वाजल्या. आत्या होती.

"फेकलं ना तू?"

नितेशनं मान डोलावली. मग त्याला राहवलं नाही. "आत्या... पाणी बी नाई पाजलं. तवाच नाई पाजलं. मायले खोटं सांगून राह्यलो. मले किळस आली व... माह्या सख्ख्या भावाची किळस आली."

आत्यानं खाली बसून त्याचं तोंड पदरानं पुसलं, लहान लेकराचं पुसावं तसं.

"किळस जित्याले येते, बाबू. मेल्याले तहान असते." तिनं भरलेला तांब्या त्याच्या हातात दिला. "जाय. नाक धरू नको, तोंड फिरवू नको. पिऊन होईस्तोवर हात काढू नको."

नितेश पुन्हा गेला. सूर्य बांधाला टेकला होता. मोटारपंप बंद झाला होता. पळसाचं पान जिथं पडलं होतं तिथंच होतं. रोडगे नव्हते. पान मात्र स्वच्छ, ओलं चकचकीत, चाटून ठेवल्यासारखं.

पानाशेजारी चिखलात एक भोक होतं, मुठीएवढं. त्याच्या कडा सुजल्यासारख्या वर आल्या होत्या. कडांवर हिरवी बुळबुळ. आतून वास येत होता... तोच.

त्याचा हात आपोआप नाकाकडे गेला. त्यानं तो खाली आणला. गुडघे टेकले. वास घशात उतरला, उतरू दिला. ओंजळ भरली आणि भोकावर धरली.

"घे, दादा..."

चिखलानं घोट घेतला. चक्क घोट, गळ्यातून उतरल्यासारखा. दुसरी ओंजळ. तिसरी. तांब्या रिकामा झाला तेव्हा त्या सुजलेल्या कडा हलल्या आणि त्याच्या बोटांभोवती मिटल्या. आत गरम होतं. काहीतरी जाड, खरबरीत त्याच्या बोटांच्या बेचक्यांतून फिरलं. ओले थेंब शोधू लागलं. त्याच्या तोंडाशी आंबट आलं. त्यानं ते गिळलं. हात काढला नाही.

"मी भेलो होतो रे, दादा," तो रडत म्हणाला. "मले माफ कर. पी. पाह्यजे तेवढं पी."

आणि तेव्हा चार महिन्यांनी त्याला दादाचा खरा चेहरा आठवला. ट्रॅक्टरवर उभा राहून, तोंडात कडुनिंबाची काडी धरून, डोळे बारीक करून हसणारा. सुकलेला, सावळा, देखणा. नितेशच्या छातीवरचा दगड उतरला. तिकडून मायनं त्याला हाक मारली. तिला आता खरं सांगता येईल, असं त्याला वाटलं.

चाटणं थांबलं. चिखलातून आवाज आला. ओला, बारीक, लहान पोरासारखा.

"आणखी दे ना, दादा."

नितेशचं रडं जागच्या जागी थिजलं. तो घरातलं शेंडेफळ. त्याला दादा म्हणणारं कोणी जन्मलंच नव्हतं.

त्यानं हात ओढला. कडा आणखी घट्ट झाल्या.

आणि डोहाच्या पलीकडच्या काठावर, जिथं आता अंधारलं होतं, कुणीतरी कोरड्या घशानं खाकरलं, गजूदादा खाकरायचा तसं.