चार पायऱ्यांचं भांडण

दोनशे चौदा... दोनशे पंधरा... आणि दोनशे सोळाव्या पायरीवर तिचं कपाळ एका शर्टाच्या खिशावर आपटलं.

शर्टात एक गाईड होता आणि त्याच्या मागे सतरा पर्यटक. घड्याळाच्या मनोऱ्याचा तो गोल जिना इतका अरुंद, की समोरासमोर आलेल्यांपैकी कुणीतरी मागे फिरल्याशिवाय गत्यंतर नव्हतं.

"उतरणाऱ्यांना आधी वाट," तो हसत म्हणाला. "इथला नियम आहे."

"अहो, मी मोजतेय!"

"मोजा की. उतरतानाही मोजता येतात."

दोनशे पंधरा पायऱ्या ती उलटी उतरली. खाली सतराच्या सतरा जणांनी तिला 'सॉरी' म्हटलं. त्याने नाही. त्याने विचारलं, "पाणी हवंय?" आणि तिला खरंच हवं होतं, म्हणून तर ती जास्तच चिडली.

ती पर्यटन खात्यात तपासनीस होती. बाहेरून येणाऱ्या प्रवाशांसाठी खातं 'आपल्या राज्याच्या एकशे एक नवलाच्या गोष्टी' असं पुस्तक काढत होतं आणि त्यातली एकेक गोष्ट खरी की खोटी हे तिने बघायचं होतं. कचेरीत तिला 'चाळणी' म्हणत. राज्यातल्या सर्वांत थंड विहिरीत तिने थर्मामीटर सोडला होता. सात वेळा प्रतिध्वनी देणाऱ्या दरीत घसा बसेपर्यंत ओरडून पाचच येतात हे सिद्ध केलं होतं. ज्या गावात म्हणे दारांना कुलपंच नाहीत, तिथे तिला अकरा सापडली होती.

आता चौसष्टावी गोष्ट: 'या मनोऱ्याला तीनशे पासष्ट पायऱ्या आहेत, वर्षाच्या प्रत्येक दिवसाला एक.'

त्याच दिवशी, सोमवारी, ती पुन्हा चढली. भरल्या तीनशे एकसष्ट.

आकडा दुरुस्त करायचा, तर फॉर्मवर गाईडची सही लागत होती. शुक्रवारी चार वाजता पानं छापायला जाणार. सही नसली तर मनोरा पुस्तकातून गळणार, आणि पुढचं पुस्तक पाच वर्षांनी. पुस्तकात नाव नसलेल्या ठिकाणी पर्यटकांच्या बस थांबत नाहीत, हे तिच्यापेक्षा त्यालाच जास्त ठाऊक होतं. तरी पठ्ठ्या सही करीना!

"उंबरठा धरलात का?" मंगळवारी त्याने विचारलं.

"उंबरठा म्हणजे पायरी नव्हे."

"पाय ठेवता ना त्यावर?"

"पाय मी काल तुमच्या बुटावरही ठेवला होता!"

"मग तीनशे बासष्ट झाल्या. बघा, वाढतायत."

तिने कपाळावर हात मारला. तो मात्र गंभीर झाला. "माझ्या बाबांनी तीस वर्षं इथे तीनशे पासष्टच सांगितल्या. लोक आपापल्या वाढदिवसाची पायरी शोधतात, तिथे उभं राहून फोटो काढतात. इतका आनंद चार पायऱ्यांसाठी मोडायचा?"

"आणि एकोणतीस फेब्रुवारीला जन्मलेले?"

"ते दाराबाहेर थांबतात."

हसायचं नाही असं ठरवून ती हसली आणि हसल्याबद्दल स्वतःवरच वैतागली.

बुधवारी ती परत आली. तिकीट खिडकीतल्या मावशी म्हणाल्या, "आलीस का गं बाई? पास काढून देऊ का महिन्याचा?" गुरुवारी तो सोबत चढला. एकशे नव्वदाव्या पायरीवर त्याने कबुतरांच्या भांडणाचा असा काही किस्सा सांगितला, की तिचा आकडाच हरवला. तिला धाप लागली की तो बरोबर खिडकीपाशी रेंगाळायचा, बुटाची नाडी बांधायचा, म्हणजे तिला वारा मिळावा... आणि बोलायचा मात्र एक शब्द नाही. धड रागावायलाही जागा ठेवत नव्हता तो!

शुक्रवारी दुपारी साहेबांचा फोन आला. "अहो, चार दिवस त्या एकाच माणसाच्या दारात? स्टेशनवर परवानावाले पाच गाईड बसलेत. कुणाचीही सही चालते. नियम तुम्हीच केलाय ना?"

नियम तिनेच केला होता. विसरलीही नव्हती. तिचे कान तापले. मग ती स्टेशनवरून, त्या पाचही गाईडांच्या समोरून, तरातरा मनोऱ्याकडे निघाली.

तो वर, घड्याळामागच्या कट्ट्यावर बसला होता. तिने तोंड उघडायच्या आत त्याने फॉर्म मागून घेतला, तीनशे पासष्टवर काट मारली, तीनशे एकसष्ट लिहिलं आणि सही ठोकली.

"बाबा आठवडाभर बोलणार नाहीत माझ्याशी," तो म्हणाला. "पण मनोरा पुस्तकात राहायला हवा."

"मग हे सोमवारी का नाही केलंत?"

"सोमवारी केलं असतं, तर मंगळवारी आला असता तुम्ही?"

"म्हणजे मुद्दाम? माझ्या पोटऱ्यांचे गोळे झालेत! उशी घेऊन झोपते पायांखाली!"

"चुकलंच माझं." त्याने मान खाली घातली. "खरंच चुकलं. पुन्हा नाही अडवणार."

आता मात्र तिच्या रागाचा पारा चढला. "तुम्ही अडवलंत म्हणून मी येत होते, असं वाटतंय तुम्हाला? अहो शहाणे, सही कुणाचीही चालते! स्टेशनवर पाच जण बसलेत! नियम माझाच आहे!"

त्याने झटकन मान वर केली.

"मग... तुम्ही का..."

"आवडता म्हणून! झालं समाधान? एवढा हट्टी, एवढा बडबड्या, साधा हिशेब न कळणारा माणूस, आणि नेमका तोच आवडावा मला! हसू नका."

"नाही हसत." तिच्यासाठी जागा करत तो कट्ट्यावर सरकला. "तुम्हीही मला... अगदी पहिल्या दिवसापासून—"

"थांबा. तपासल्याशिवाय मी काही खरं धरत नाही."

"किती दिवस लागतात तपासायला?"

"विहिरीला तीन लागले होते. तुमचं अवघड दिसतंय."

चार वाजायला दहा मिनिटं होती. तिने फॉर्मचा फोटो काढून साहेबांना पाठवला, फोन पर्समध्ये टाकला आणि त्याच्या शेजारी कट्ट्यावर बसली. त्याने हळूच हात पुढे केला... "इतका वेळ कशाला लावताय?" असं करवादून तिनेच तो धरला.