ओळखा पाहू, आवाज कोणाचा?

हे सुरू झालं २०१८ साली. आमचं दोन खोल्यांचं घर, भर दुपार. भुतं रात्रीच येतात असं मानणाऱ्यांनी हे जरूर वाचावं. यात मी पदरचं काही घातलेलं नाही.

बहीण बाजारात गेली आहे. तोवर हे फोनला सांगून लिहून घेते, कारण मला आता वाचता येत नाही. पेपर, पत्रं, औषधाच्या बाटल्या, सगळं धाकटी बहीणच वाचून दाखवते.

तिचा आवाज म्हणजे माझे डोळे.

आम्ही चौघी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होतो. बॉबकट, लवंग, गोगलगाय आणि मी. निवृत्तीनंतर फोनवर ग्रुप केला. रोज दुपारी एकीने आवाज पाठवायचा, बाकीच्यांनी ओळखायचा. शिट्टी, शिलाई मशीन, जुना साहेब... उत्तर मिळाल्याशिवाय पुढचा प्रश्न नाही, हा नियम.

त्या दुपारी गोगलगायीकडून आवाज आला.

आधी खट्ट... एक्स्चेंजच्या बोर्डात जोडणीची दोरी खोचल्यासारखं.

मग तरुण मुलगी म्हणाली, "नंबर सांगा."

"अगं, ही तर आपली बॉबकट!" लवंग ओरडली. "काय तोरा होता बाईचा!"

"अजून आहे," बॉबकट म्हणाली. "तू जळत राहा."

"बरोबर," गोगलगायीचं उत्तर आलं.

मी ते पुन्हा ऐकलं. गोगलगायीला दमा. तिच्या प्रत्येक वाक्यामागे छातीची शिट्टी असायची.

यात श्वासच नव्हता...

दुसऱ्या दिवशी बॉबकटची वाचा गेली. डॉक्टरांना कारण सापडलं नाही.

मी गोगलगायीला फोन लावला.

"मी कुठे काही पाठवलं?" ती धापा टाकत म्हणाली. "माझा फोन दुरुस्तीला होता गं."

त्याच दुपारी दुसरा आवाज आला.

खट्ट...

एक बाई पेपर वाचत होती. मथळा संपला, की किंचित गुणगुणणं.

"कोण गं ही?" लवंगने विचारलं. "आपल्यातली नाही."

मी ओळखलं होतं.

"रेडिओवरची बाई असेल," मी म्हणाले.

"चूक." श्वास नाही.

तेव्हापासून रोज दुपारी तो आवाज येतो. रोज मी चुकीचं नाव सांगते. उत्तर मिळत नाही, तोवर पुढचं काही घडत नाही.

बॉबकट पाटीवर लिहून बोलायची. मागच्या वर्षी गेली. लवंगने ग्रुप सोडला, मुलाकडे राहते, फोनला हात लावत नाही. गोगलगायीला जाऊन चार वर्षं झाली. तिचा नंबर बंद आहे.

"चूक" अजून येतंच.

आज मात्र दार लोटायचं राहिलं, आणि बहिणीने तो आवाज ऐकला.

"कोण गं ती?"

"कोणी नाही."

"जन्मभर लोकांचे आवाज ऐकलेस आणि एक बाई ओळखता येईना?" ती हसली. स्वतःचा आवाज माणसाला पटकन ओळखू येत नाही, म्हणून निभावलं. पिशवी उचलत म्हणाली, "ऐकल्यासारखा वाटतो. बाजारातून येईस्तोवर आठवेल बघ, ताई."

जिन्यात तिची पावलं वाजताहेत.

ती नेहमी गुणगुणत जिना चढते...

आज नुसती पावलंच येताहेत.